वाचनालयाची पायरी



मागच्या उन्हाळ्यात तालुक्याच्या गावापासून थोड्या अंतरावरच्या एका गावात दोन दिवसांचं शिबिर होतं. विषय होता कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा. दुपारच्या जेवणानंतर सगळ्यांचेच डोळे मिटायला लागले, म्हणून कायदा बाजूला ठेवून सहज विचारलं, "तुमच्या गावात वाचनालय आहे का?" चाळीसेक बायका होत्या. बहुतेक सगळ्यांनी हात वर केले. "त्याच्या आत कोण कोण जाऊन आलंय?" तीनच हात वर राहिले. एकजण मतदानाला गेली होती, कारण मतदान केंद्र तिथेच असतं. दुसरी सासऱ्यांना जेवायला बोलवायला जाते, पण पायरीवरूनच हाक मारते. तिसरी रोज जाते. झाडायला.

"बारा वर्षं झाली ताई. कपाटं पुसते, टेबलावरची पेपरं आवरते, पुस्तकं जागेवर लावते." सातवीपर्यंत शिकलेली. वाचता येतं. "मग एखादं पुस्तक घरी नेलंस का कधी?" ती हसली. "मागायचं कसं? मी झाडणारी."

परतीच्या एसटीत आमच्यात दुसरं बोलणंच झालं नाही. या अंकाचं संपादकीय वाचनालयांवर लिहायचं, हे तिथेच ठरलं. काहीजणींना हा विषय आपल्या चळवळीच्या मानाने सौम्य वाटेल. मारहाण, रेशन, रोजगार, दारू हे प्रश्न समोर असताना पुस्तकांचं काय घेऊन बसलात, असंही कुणी विचारेल. पण बारा वर्षं पुस्तकांवरची धूळ पुसणाऱ्या बाईला त्यातलं एकही पुस्तक आपलं वाटू नये, हा सौम्य प्रश्न नाही.

महाराष्ट्रात वाचनालयांची परंपरा जुनी आहे. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८चं, नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४०चं. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ साली निघालं, मुंबईचं १८९८ साली. १९६७ साली राज्याचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला. तेव्हापासून लोकांनी चालवायच्या आणि शासनाने अनुदान द्यायचं, अशा पद्धतीने गावोगावी वाचनालयं उभी राहिली. अ, ब, क, ड अशा त्यांच्या वर्गवाऱ्या असतात. अशी मान्यताप्राप्त वाचनालयं आज राज्यात हजारोंनी आहेत. दवाखाना नाही, बसथांबा नाही, पण वाचनालयाची पाटी आहे, अशी गावं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत.

त्या पाटीखाली काय दिसतं? सकाळी वर्तमानपत्रं येतात. बाकांवर पुरुष बसतात, निवृत्त शिक्षक, काही तरुण, काही रिकामटेकडे. बाहेर चपलांचा आणि दुचाक्यांचा ढीग. राजकारणावर चर्चा चालते, ती रस्त्यापर्यंत ऐकू येते. याला मुक्तद्वार वाचनकक्ष म्हणतात. दार खरंच उघडं असतं. आत येऊ नका असं कुणा बाईला कुणी म्हणत नाही. तशी गरजच पडत नाही. पारावर बायकांनी बसू नये अशी पाटी कोणत्या गावात लावलेली असते?

सभासदांची नोंदवही उघडा. घराचं एक सभासदत्व, ते नवऱ्याच्या नावावर. पुस्तक तो बदलून आणतो, नाहीतर शाळेतला मुलगा. "आईसाठी काहीतरी द्या," असं मुलगा सांगतो आणि ग्रंथपाल हाताला येईल ती कादंबरी देतात. बाई वाचते, रात्री सगळं आवरल्यावर वाचते. पण काय वाचायचं हे तिने ठरवलेलं नसतं, आणि देवघेवीच्या नोंदीत तिचं नावही नसतं. सातबाऱ्यावर नाव नाही, घरावर नाव नाही, हे आपण सांगत आलो. चार आण्यांच्या कार्डावरही नाव नाही, हे आपल्याही लक्षात आलं नव्हतं.

आपल्या इतिहासात मात्र ही मागणी नवी नाही. मुक्ता साळवे ही सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांच्या शाळेतली मुलगी. १८५५ साली, चौदा वर्षांची असताना, मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. तिची एक आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. शाळेच्या समारंभात मेजर कँडी यांनी बक्षीस म्हणून खाऊ दिला, तेव्हा आम्हाला खाऊ नको, वाचनालय द्या, असं तिने त्यांना सांगितलं. शाळा मिळाली म्हणजे झालं, असं तिला वाटलं नाही. शाळा सुटल्यावरही आपल्या हाताशी पुस्तकं राहिली पाहिजेत, हे त्या मुलीला कळलं होतं. आज सातवीला, दहावीला शाळा सुटलेल्या लाखो बायकांच्या बाबतीत नेमकं हेच घडलेलं नाही.

सयाजीराव गायकवाडांनी बडोदा संस्थानात १९०६ साली सक्तीचं शिक्षण सगळीकडे लागू केलं, मुलींनाही. मग त्यांच्या लक्षात आलं, की नुसतं वाचायला शिकवलं आणि वाचायला काही दिलं नाही तर शिकलेलं विसरलं जातं. म्हणून १९१० साली त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून संस्थानभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून त्या पेट्या खेड्यांत पाठवल्या जात. स्त्रियांसाठी आणि मुलांसाठी वेगळी सोय होती. पुढे १९३१ साली डॉ. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे, हा त्यातल्या दुसऱ्या सूत्राचा आशय. त्याची चर्चा करताना त्यांनी शहर आणि खेडं, मोठे आणि मुलं या भेदांबरोबर पुरुष आणि स्त्री हा भेदही वेगळा काढून तपासला आहे. म्हणजे ग्रंथालयशास्त्राने हा प्रश्न नव्वद वर्षांहून अधिक काळापूर्वी ओळखला होता. तो सुटला मात्र नाही.

त्याच १९३१ साली तंजावर जिल्ह्यातल्या मन्नारगुडीहून पुस्तकांनी भरलेली बैलगाडी आसपासच्या खेड्यांत फिरायला लागली. वाचक ग्रंथालयात येत नसतील तर ग्रंथालयाने उठून वाचकांकडे जावं, ही त्यामागची कल्पना. केरळमध्ये आजही वाचनालयातल्या बायका पिशवीत पुस्तकं भरून घरोघरी जातात आणि घरातल्या बाईच्या हातात पुस्तक देतात. हे काम वरून दिसतं त्यापेक्षा बरंच मोठं आहे. पहिल्या खेपेला दारातली बाई म्हणते, "काहीही चालेल." दुसऱ्या खेपेला म्हणते, "मागच्यासारखं नको, रडवणारं होतं." चौथ्या-पाचव्या खेपेला ती हळूच विचारते, पाळी जाण्याच्या वयाबद्दल काही आहे का, किंवा कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी काय बघावं हे सांगणारं काही आहे का. पुस्तक नेणारी बाई असेल तरच हे विचारलं जातं. चांगला ग्रंथपाल पुस्तकांच्या आधी माणसं वाचतो, असं म्हणतात. चांगली ग्रंथपाल बाई तर न विचारलेले प्रश्नही वाचते.

पण इथे सावध राहायला हवं. पुस्तक घरी आलं म्हणजे बाईला घराबाहेर पडायची गरज उरली नाही, असा सोयीचा अर्थ गावकारभारी लगेच काढतात. घरपोच पुस्तक ही सुरुवात असावी. बाईला हवं आहे ते पुस्तक, आणि त्याबरोबर अर्धा तास बसायला अशी एक जागा, जिथे ती कुणाची सून नाही, कुणाची आई नाही, आणि इथे का आलीस म्हणून तिला कुणी विचारत नाही. देवळात जायला कारण लागत नाही, पण तिथे देवाचं नाव घ्यावं लागतं. दळणाला, पाण्याला, दवाखान्यात जायला कारण असतं. विनाकारण बसता येईल अशी बायकांची सार्वजनिक जागा गावात कोणती, याचा विचार करून पाहा. बोटं दुमडायला सुद्धा लागणार नाहीत.

"आता कशाला वाचनालय? सगळं मोबाइलवर मिळतं," हे वाक्य हल्ली प्रत्येक बैठकीत ऐकू येतं. कुणाच्या मोबाइलवर? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशभरातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५४ टक्के स्त्रियांकडे त्या स्वतः वापरतात असा मोबाइल होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया होत्या शंभरात ३३, पुरुष ५७. तेव्हापासून फोन वाढले असतील, पण घरातला चांगला फोन कुणाच्या खिशात असतो हे सांगायला पाहणी लागत नाही. तो फोन बाईच्या हातात येतो तेव्हाही त्याचं कुलूप नवऱ्याला किंवा मुलाला माहीत असतं. पोटगीचा कायदा, गर्भनिरोधनाची माहिती, मदतीचा १८१ हा क्रमांक तिने शोधला, तर शोधल्याची खूण त्यात राहते. पुस्तक उशीखाली लपवता येतं. फोनवर काय पाहिलं ते लपवायला आधी शिकावं लागतं.

जुलै २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली, तेव्हा आपण सगळ्यांनी हे डोळ्यांनी पाहिलं. महिन्याला पंधराशे रुपये, अर्ज ॲपवर. अंगणवाडीताईंनी, आशाताईंनी रात्र-रात्र जागून अर्ज भरले. ज्यांना त्यांच्यापर्यंत पोचता आलं नाही त्यांनी केंद्रांपुढे रांगा लावल्या, आपलं आधारकार्ड, बँकेचं पुस्तक अनोळखी हातांत दिलं, फोनवर आलेला ओटीपी मोठ्याने वाचून दाखवला. मग २०२५ मध्ये ई-केवायसी आली. तिच्यात बाईच्या आधारबरोबर नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारवरचाही ओटीपी मागितला गेला. विधवा, टाकलेल्या, वेगळ्या राहणाऱ्या बायकांनी तो कुठून आणायचा? पैसे बाईच्या नावाने आणि किल्ली पुरुषाच्या फोनमध्ये, अशी ही गंमत.

अशा वेळी गावातलं वाचनालय काय करू शकतं? पुष्कळ करू शकतं. वाचनालयात एक संगणक आणि इंटरनेटची जोडणी असेल, आणि शेजारी विश्वासाची ग्रंथपाल असेल, तर बाई स्वतःचा अर्ज स्वतः भरायला शिकू शकते. आपला सातबारा पाहू शकते. मराठी विश्वकोशाचे खंड आज इंटरनेटवर फुकट वाचता येतात. भारतीय राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालयावरची पाठ्यपुस्तकं, जुनी पुस्तकं, व्याख्यानं हेही तिला मिळू शकतं. जिला वाचता येत नाही ती कानाने ऐकू शकते. पण यासाठी काही पथ्यं पाळावी लागतील. बायकांसाठी ठरलेली वेळ हवी. पडदा रस्त्याकडे नको, भिंतीकडे हवा. उठताना आपण काय पाहिलं ते पुसायला प्रत्येकीला शिकवायला हवं. कुणाच्या आधारची प्रत वाचनालयात ठेवायची नाही. ओटीपी विचारायचा नाही. कुणी काय वाचलं, काय शोधलं, हे तिच्या घरच्यांनी विचारलं तरी सांगायचं नाही. डॉक्टरने आणि वकिलाने पाळायची गुप्तता ग्रंथपालानेही पाळायची असते. गावात ती पाळणं अवघड असतं, कारण विचारायला येणारा ग्रंथपालाचा चुलतभाऊ असतो.

कर्नाटकात ग्रामपंचायतींची पाच हजारांहून जास्त वाचनालयं २०१९ पासून पंचायत खात्याच्या अखत्यारीत आली. २०२०च्या नोव्हेंबरात, शाळा बंद असताना, तिथे मुलांना फुकट सभासद करून घेण्याची मोहीम झाली. पंचायतीने मनावर घेतलं तर बंद खोली उघडते, एवढं त्यातून दिसतं. महाराष्ट्रातल्या पंचायतींत २०११ पासून अर्ध्या जागा स्त्रियांच्या आहेत. सरपंच बाईंना, सदस्य बाईंना आपण रस्ता, पाणी, शौचालय यांबद्दल विचारतो. वाचनालयाबद्दल ग्रामसभेत किती वेळा विचारलं?

आणखी एक गोष्ट आपल्या ध्यानात हवी. वाचनालय लोकांना देतं, तसं त्यांच्याकडून घेऊनही ठेवतं. ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली लिहिलं. जवळजवळ शंभर वर्षं ते विस्मरणात गेलं होतं. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रसिद्ध केलं आणि आपल्या चळवळीला तिची पणजी सापडली. एखादी प्रत कुठेतरी टिकून राहिली म्हणून हे झालं. ज्यांनी कधी अक्षर लिहिलं नाही त्यांचं काय? हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी आणि गावागावांतल्या त्यांच्या साथींनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. त्यातल्या कितीतरी आज इंटरनेटवर वाचायला आणि ऐकायला मिळतात. ज्या गावात त्या गायल्या गेल्या तिथल्या वाचनालयात त्या मोठ्याने लावल्या, तर काय होईल? आपल्या आजीचा किंवा आजीच्या मैत्रिणीचा आवाज वाचनालयातून येतोय, हे ऐकून पायरीवरून परतणारी बाई आत येईल. वाचनालय आपलंही आहे, हे तिला सांगावं लागणार नाही.

आपल्या गटांच्या कपाटांतही खूप काही पडून आहे. मोर्चांची पत्रकं, गाण्यांच्या वह्या, जुने अंक, फोटो. वाळवी लागायच्या आत ते जपायला हवं, जमेल तेवढं स्कॅन करायला हवं. मुंबईत 'स्पॅरो'ने १९८८ पासून बायकांच्या मुलाखती, फोटो, आवाज जपायचं काम केलं आहे, त्याकडून शिकण्यासारखं आहे. पण एक भेद विसरायचा नाही. पत्रकं सगळ्यांची आहेत. सल्ला केंद्राकडे आलेल्या बायकांचे अर्ज आणि जबाब त्यांचे आहेत. ते कोणत्याही निमित्ताने कोणत्याही संगणकावर लोकांसमोर येता कामा नयेत.

आता थोडं ग्रंथपालांबद्दल. लहान वाचनालयात ग्रंथपाल पुष्कळदा बाईच असते. तीच कुलूप उघडते, पुस्तकांना कव्हरं घालते, दाखल नोंदवही लिहिते, तपासणीची कागदपत्रं तयार करते. तिचा पगार अनुदानातून निघतो. अनुदान तुटपुंजं आणि तेही वेळेवर नाही, म्हणून पगारही तसाच. वेतनश्रेणीची मागणी ही माणसं वर्षानुवर्षं करत आहेत. अंगणवाडीताई आणि आशाताई यांच्या बाबतीत जे झालं तेच इथे आहे. बाईचं काम म्हणजे सेवा, सेवेला मानधन पुरे. तेव्हा वर आम्ही जी यादी केली, घरोघरी जा, संगणक शिकवा, ओव्या लावा, ती सगळी या एकटीच्या डोक्यावर ठेवून मोकळं व्हायचं नाही. तिच्या पगाराची मागणी आपल्या मागणीपत्रकात आली पाहिजे. तिच्या मोर्चात आपण दिसलो पाहिजे.

आणि थोडं आपल्याबद्दलही. बायका वाचनालयात आल्या तरी पाककृती, भविष्य आणि प्रेमकथाच मागतात, अशी तक्रार चळवळीतल्याच मैत्रिणी करतात. मागू देत. दिवसभर दुसऱ्यांच्या सांगण्याप्रमाणे वागणाऱ्या बाईने एक गोष्ट स्वतःच्या आवडीने निवडली, तर ती चुकीची निवडली म्हणून आपणही सासूसारखं रागवायचं का? रहस्यकथा वाचणारीला पुढच्या शेल्फावर काय आहे ते दिसतं. जी आतच येत नाही तिला काहीच दिसत नाही. तिच्या निवडीचा मान ठेवायचा आणि शेल्फावर चांगली पुस्तकं आहेत याची काळजी घ्यायची, एवढंच आपलं काम.

ती काळजी घेण्याचा मार्ग आहे. आपली वाचनालयं नोंदणीकृत सार्वजनिक संस्था आहेत. त्यांना घटना असते, सर्वसाधारण सभा असते, सभासदांमधून निवडलेलं कार्यकारी मंडळ असतं. पुस्तकं कोणती घ्यायची, वेळ कोणती ठेवायची, हे मंडळ ठरवतं. म्हणजे यासाठी नवा कायदा यायची वाट पाहायला नको. प्रत्येक गटातल्या दहा-पंधरा जणींनी स्वतःच्या नावाने सभासद व्हावं. घटनेत मताचा अधिकार कोणत्या सभासदाला आहे ते वाचावं. वार्षिक सभेला जावं, हिशोब पाहावा, मंडळावर उभं राहावं. पुस्तकांच्या खरेदीच्या वेळी आपली यादी द्यावी. दुपारी दोन ते चार ही बायकांच्या सवडीची वेळ, त्याच वेळी वाचनालय बंद असतं. ती वेळ बदलून मागावी.

शिबिराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही सगळ्याजणी मिळून त्या वाचनालयात गेलो. बाकांवरची मंडळी जराशी सरकली. सभासदत्वाचा अर्ज मागितला. अर्जावर 'शिफारस करणाराचे नाव' अशी ओळ होती. झाडणाऱ्या मैत्रिणीने विचारलं, "इथं कुणाचं लिहू?" ग्रंथपाल बाईंनी पेन घेतलं आणि स्वतःचं नाव लिहिलं. अनामत आमच्यातल्या तिघीचौघींनी मिळून भरली. ती तिने पुढच्या महिन्यात परत पाठवली, चिठ्ठीसह. पुस्तक निवडायला तिला फार वेळ लागला नाही. कोणतं कपाट, कोणता खण, सगळं तिला पाठ होतं. बारा वर्षं रोज पुसताना ज्याच्या पाठीवरचं नाव वाचलं होतं, ते तिने काढून घेतलं.

वाचक मैत्रिणींना एक काम. पुढचा अंक येईपर्यंत आपापल्या गावातल्या, वस्तीतल्या वाचनालयात जा. सभासदांची नोंदवही पाहायला मागा. स्वतःच्या नावाने सभासद असलेल्या बायका किती, मंडळावर किती, तेवढं मोजा. आकडा आम्हाला कळवा. शून्य असेल तरी कळवा. आणि नोंदवही बंद करण्याआधी त्यात एक नाव वाढवून या.